‘दादा, मी काय केलं तेवढं सांगा’

पत्र : ताई, मी लातूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मोबाइलवरच्या बॅटल रॉयल गेमसाठी (शेवटपर्यंत जिवंत राहील तो जिंकला, असा गोळीबाराचा खेळ) आम्ही चौघा मित्रांनी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर सर्व्हर, म्हणजे आमचा ग्रुप, काढला. आता लातूर, नांदेड, परभणी, बीडकडची चारशेच्या वर पोरं आहेत. दर रविवारी कस्टम रूम (फक्त आमच्या पोरांची खासगी मॅच) लावतो, चौघांच्या स्क्वॉडमागं पन्नास रुपये घेतो आणि त्यातूनच बक्षीस देतो. मागच्या महिन्यात सेमीफायनलला परभणी जिल्ह्यातल्या एका गावच्या, अकरावीतल्या पोरानं आमच्याच एका ॲडमिनचा अख्खा स्क्वॉड एकट्यानं उडवला. त्या ॲडमिननं तिथल्या तिथं त्याला हॅकर म्हणून बॅन केलं, व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा आयडी, नाव, गाव टाकून ‘हॅकर काढला’ असं लिहिलं आणि सगळ्यांना गेमच्या कंपनीकडे त्याच्या अकाउंटवर रिपोर्ट मारायला सांगितलं. पुरावा म्हणजे एक छोटी क्लिप. पोरगा मला रोज मेसेज करतो, ‘दादा, मी काय केलं तेवढं सांगा.’ गावातली पोरं त्याला हॅकर म्हणून चिडवतात. बाकीचे ॲडमिन म्हणतात, कारण सांगायचं नसतं, सांगितलं की हॅकर हुशार होतात. आणि सर्व्हर आपला, मर्जी आपली. मला क्लिप बघून खात्री वाटत नाही. पण मित्राच्या विरोधात गेलो तर सर्व्हर फुटेल. काय करू? आणि कंपनीनं खरंच त्याचं अकाउंट बंद केलं तर त्यानं काय करायचं?
— एक ॲडमिन, लातूर

उत्तर :

आधी त्या पोराला उत्तर दे. आजच. तपासणी, मित्राशी बोलणं, नियम लिहिणं हे सगळं त्यानंतर. तो रोज विचारतो आणि तू महिनाभर गप्प आहेस. बॅन तुझ्या मित्रानं केला असेल, पण ही गप्प राहण्याची शिक्षा तू देतोयस, कारण त्यानं विश्वासानं निवडलेला माणूस तू आहेस.

काय लिहायचं तेही सांगते. ‘तुला एमबॉटच्या (आपोआप नेम लावणाऱ्या हॅकच्या) संशयावरून काढलं. संशय सेमीफायनलमधल्या एका क्लिपवर आहे, ती सोबत पाठवतोय. ज्यानं तुला काढलं तो त्या मॅचमध्ये तुझ्याविरुद्ध खेळत होता, म्हणून आम्ही हे पुन्हा तपासतोय. तुझं म्हणणं आणि असेल तर तुझ्याकडचं रेकॉर्डिंग रविवारपर्यंत पाठव. तोवर तू सर्व्हरवर परत ये. स्पर्धेत मात्र निकाल लागल्यावरच.’ एवढं पुरे. यात ‘माफ कर’ नाही, ते मी मुद्दाम घातलेलं नाही. त्यानं चीटिंग केलं की नाही हे तुला अजून माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते त्याला कबूल करावं हे जास्त खरं आहे. माफी मागायची एक गोष्ट मात्र आहे, तिच्याकडे येतेच.

आता ती क्लिप. ती कुणाच्या फोनवरची आहे? बहुतेक गेममध्ये मेलेल्या खेळाडूनं स्पेक्टेट करताना, म्हणजे दुसऱ्याचा खेळ नुसता बघताना, केलेलं रेकॉर्डिंग असणार. मग एक गोष्ट नीट समजून घे. तुला दिसतंय ते त्या पोराच्या स्क्रीनवर घडलेलं जसंच्या तसं नाही. त्याच्या फोनवरची हालचाल आधी गेमच्या सर्व्हरवर जाते, तिथून बघणाऱ्याच्या फोनवर येते, आणि मधले तुटलेले तुकडे गेम स्वतः अंदाजानं भरतो. नेटवर्क कमी-जास्त होत असेल तर सरळ फिरवलेला नेमसुद्धा झटक्यात शत्रूवर उडी मारल्यासारखा दिसतो. दुसरं, तो जायरोवर (फोन हलवून नेम धरायच्या सोयीवर) खेळतो का ते विचार. फोन कलवून रीकॉइल (गोळी सुटताना बंदुकीला बसणारा झटका) आवरणारी, चार बोटांनी खेळणारी पोरं आता खेड्याखेड्यांत आहेत. त्यांचा स्प्रे, म्हणजे सलग गोळ्यांचा मारा, इतका सरळ जातो की अंगठ्यांवर खेळणाऱ्याला ते हॅकच वाटावं.

खरा संशय कशानं येतो? ज्याला तो पाहू शकत नव्हता, ज्याच्या पावलांचा आवाजही येत नव्हता, अशा माणसावर त्याचा नेम भिंतीआडून पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या मॅचमध्ये चिकटत असेल तर. एका क्लिपमधून हे कळत नाही. त्याच्या जुन्या चार-पाच मॅच काढ, ज्यांनी त्याच्यासोबत खेळलंय त्यांना विचार. पुढच्या काही कस्टममध्ये त्याला हॅण्डकॅम (खेळतानाचे हात दाखवणारा कॅमेरा) लावून खेळायला सांगता येईल. मोबाइल गेमच्या स्पर्धांत ही पद्धत रुळलेली आहे. पण त्याच्याकडे त्या दिवसाचं रेकॉर्डिंग नसेल तर ते त्याच्याविरुद्ध धरू नकोस. साध्या फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं की गेम अडकायला लागतो, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. आरोप ज्यानं केला त्यानं तो शाबीत करायचा असतो. आणखी एक विचार : फोन घरात एकट्याचा आहे का? आपल्याकडे एक फोन आणि तीन भावंडं हे चित्र अजून सर्रास आहे. त्या आयडीवर त्याचा चुलतभाऊही खेळत असेल.

हे सगळं तपासणार कोण, हा प्रश्न मला क्लिपपेक्षा मोठा वाटतो. ज्याचा स्क्वॉड उडाला त्यानंच निकाल दिला, त्यानंच शिक्षा दिली, आणि आता त्याच्याच तीन मित्रांकडे अपील आहे. माळेगावच्या यात्रेत हरलेल्या पैलवानालाच पंच म्हणून उभं केलं तर अख्खा फड उठून जाईल, आणि तिथं कुणाला कायदा शिकवावा लागणार नाही.

कायद्यानंही हे कधीच सांगून ठेवलंय. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयात ए. के. क्रैपक यांचा खटला चालला होता. वनसेवेतल्या निवडीचं प्रकरण होतं, जम्मू-काश्मीरमधलं. निवड मंडळावर बसलेला एक अधिकारी स्वतःच त्या जागांसाठी उमेदवार होता. त्याचं नाव चर्चेला आलं तेव्हा तो मंडळात बसला नव्हता. प्रतिस्पर्ध्यांच्या नावांच्या वेळी मात्र बसला होता. न्यायालयानं ती निवड रद्द केली. त्यानं मुद्दाम काही केलं हे सिद्ध होण्याची गरजच नव्हती. पक्षपाताची रास्त शक्यता आहे एवढंच पुरेसं ठरलं. तुझा मित्र कदाचित मनानं स्वच्छ असेल. त्याला खरंच वाटलं असेल की समोरचा हॅकर आहे. तरीही हा निकाल त्याच्या हातात असायला नको होता.

म्हणून तुमच्या चौघांपैकी कुणीच तपासू नका. त्या मॅचमध्ये नसलेली, दोन्ही स्क्वॉडशी देणंघेणं नसलेली तीन जुनी, जाणती पोरं-पोरी निवडा. क्लिपवरची नावं आणि आयडी झाकून त्यांना द्या. काउंटर-स्ट्राइक या गेममध्ये २०१३ पासून ‘ओव्हरवॉच’ नावाची अशीच व्यवस्था होती : अनुभवी खेळाडू संशयिताचं नाव न दिसणारं रेकॉर्डिंग बघायचे आणि मत द्यायचे. चारशे पोरांच्या सर्व्हरला हे एका संध्याकाळचं काम आहे. तिघांनी आपापलं मत वेगवेगळं, एकमेकांशी न बोलता लिहावं. खात्री नसेल तर ‘खात्री नाही’ असंच लिहावं, आणि खात्री नाही याचा निकाल पोराच्या बाजूनं लागावा.

‘कारण सांगितलं की हॅकर हुशार होतात’ या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, ते नाकारून चालणार नाही. चीटिंग पकडणाऱ्या यंत्रणा आपली पद्धत गुप्त ठेवतात. काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीची यंत्रणा तर कुणी पकडला गेला तरी लगेच बॅन करत नाही, मुद्दाम काही काळानं करते, म्हणजे हॅक बनवणाऱ्याला कळू नये की नेमकं कुठं सापडलो. पण याच कंपनीचं २०१० सालचं प्रकरण तुझ्या मित्रांना सांग. ‘मॉडर्न वॉरफेअर २’ या गेममध्ये तिच्या यंत्रणेनं सुमारे १२ हजार खेळाडूंना चुकून चीटर ठरवलं. चूक लक्षात आल्यावर कंपनीनं बॅन मागे घेतले, कंपनीचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी खेळाडूंची माफी मागितली, आणि प्रत्येकाला दुसरा एक गेम फुकट दिला, वर मित्राला भेट देण्यासाठी आणखी एक प्रत. पकडण्याची रीत त्यांनी तेव्हाही उघड केली नाही. चूक मात्र उघड केली.

म्हणजे लपवायचं काय आणि सांगायचं काय हे वेगवेगळं करता येतं. ‘तुझ्यावर एमबॉटचा आरोप आहे, अमक्या मॅचमधला, इतक्या दिवसांसाठी काढलंय, पटत नसेल तर अमक्याकडे दाद माग’ एवढं सांगून कुठला हॅकर हुशार होतो? आणि तुमच्याकडे लपवण्यासारखी रीत तरी कुठली आहे? एक क्लिप आहे, ती सगळ्या ग्रुपनं पाहिलीय. फक्त ज्याच्यावर आरोप आहे त्यालाच ती दाखवलेली नाही. कोट्यवधी अकाउंट सांभाळणाऱ्या कंपनीला प्रत्येकाशी बोलणं जड जातं, हे एकवेळ मानू. युरोपीय संघानं तर तेही मानलं नाही. तिथल्या डिजिटल सेवा कायद्यानुसार ऑनलाइन मंचांना एखाद्याचं अकाउंट बंद करताना स्पष्ट कारणं द्यावी लागतात, आणि फेब्रुवारी २०२४ पासून तो कायदा पूर्णपणे लागू आहे. तुमची पोरं तर तुम्हाला आवाजावरून ओळखतात.

‘सर्व्हर आपला, मर्जी आपली’ हे वाक्य मला खरं सांगायचं तर फार लागलं. सर्व्हर तुम्ही काढला, मान्य. पण तो भरला कुणी? रविवारी लातूरच्या ट्यूशन एरियातल्या खोल्यांतून, परभणी-हिंगोलीच्या खेड्यांतून जी पोरं वेळ काढून येतात, त्यांच्यामुळं तो सर्व्हर आहे. कित्येकांची घराबाहेरची दोस्ती तेवढीच आहे. खासगी संस्थांचंही असंच आहे. बेळगावच्या एका लॉजमधून (फ्रीमेसन या संघटनेच्या शाखेतून) काढलेल्या सदस्याचा खटला साठच्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. संस्था सदस्याला काढू शकते, पण स्वतःचे नियम पाळून, शुद्ध हेतूनं आणि त्याला बाजू मांडायची संधी देऊनच, अशी कसोटी न्यायालयानं लावली. तुमच्या डिस्कॉर्ड सर्व्हरला कुणी कोर्टात खेचणार नाही. कसोटी मात्र तुम्ही स्वतःला लावू शकता.

आता माफीची गोष्ट. अकरावीतलं पोरगं म्हणजे सोळा-सतरा वर्षांचं लेकरू. त्याचं नाव आणि गाव ग्रुपवर टाकलं, हे निकाल काहीही लागला तरी चूकच आहे. त्यानं उद्या कबूल केलं की हो, मी हॅक वापरला, तरीही. सर्व्हरवरून काढणं ही सर्व्हरपुरती शिक्षा असते. गावाचं नाव टाकलं की ती शिक्षा शाळेत जाते, बसस्टँडवर जाते, घरात बापाच्या कानावर जाते. तिथं ‘अपील’ नसतं. लहान गावात चिकटलेलं नाव किती वर्षं टिकतं हे मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला सांगायला नको.

तो मेसेज नुसता डिलीट करून भागणार नाही. ज्या ग्रुपवर नाव घेतलं त्याच ग्रुपवर तू, तुझ्या नावानं लिही : ‘अमक्या खेळाडूबद्दल आम्ही तपास पूर्ण होण्याआधी लिहिलं, आणि त्याचं गाव टाकलं. हे चुकलं. तपास चालू आहे. कुणीही त्याच्या अकाउंटवर रिपोर्ट मारू नये.’ यात गाव पुन्हा लिहू नकोस. तो निर्दोष निघाला तर तेही इथंच, तितक्याच ठळकपणे लिही. आणि त्याची परवानगी असेल तर त्याच्या गावातल्या चिडवणाऱ्या पोरांपैकी जो सर्व्हरवर आहे, त्याला तू फोन कर. मोठ्या सर्व्हरच्या ॲडमिनचा एक फोन त्या वयात खूप काम करतो.

तो दोषी निघाला तर? तर काढा. चीटिंगला माफी नाही असं म्हणणाऱ्यांच्या बाजूची मी आहे. हॅकरमुळं आठवडाभर सराव केलेल्या चार पोरांचा रविवार वाया जातो, तोही अन्यायच. पण मुदत ठरवा. पहिल्या वेळी तीन महिने, फार तर सहा. नेमकं काय दिसलं ते त्याला दाखवा. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ बनवणाऱ्या रायट कंपनीनं २०११ मध्ये खेळाडूंच्या मतानं चालणारं ‘ट्रिब्युनल’ सुरू केलं होतं. शिक्षा झालेल्याला त्याच्याच चॅटचा उतारा आणि निकाल दाखवायला लागल्यावर सुधारणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, असं त्यांनीच पुढं मांडलं. न सांगता काढलेला पोरगा दुसऱ्या आयडीनं परत येतो आणि आता त्याच्या मनात रागही असतो.

प्रत्येक वेळी आधी सुनावणी आणि मग कारवाई, असं मात्र मी म्हणत नाही. व्हॉइस चॅटवर कुणी जातीवरून शिवी दिली, एखाद्या मुलीला घाण बोललं, घरी येऊन मारायची धमकी दिली, तर त्याच क्षणी म्यूट करा, बाहेर काढा. तिथं थांबणं म्हणजे ऐकणाऱ्याला आणखी ऐकायला लावणं. डिस्कॉर्डवर यासाठी टाइमआउट (ठरावीक काळ गप्प बसवण्याची सोय) आहे, तो जास्तीत जास्त २८ दिवसांचा देता येतो. तेवढ्यात शांतपणे विचारपूस होते. आधी काढलं तरी दोन दिवसांत त्याचं म्हणणं ऐकायचं, एवढं पाळा. बॅन करताना कारण लिहायची जागा असते, ती रिकामी सोडायची नाही असा नियम आजपासून करा. डिस्कॉर्डच्या ऑडिट लॉगमध्ये कुणी कुणाला काढलं ते दिसतं, पण ती नोंद ४५ दिवसांनी जाते. म्हणून एक साधी शीट ठेवा : तारीख, आयडी, कारण, कुणी काढलं, मुदत, अपिलाचं काय झालं. दर महिन्याला किती जणांना कशासाठी काढलं आणि किती जण परत आले हे नावं न घेता सर्व्हरवर टाका. आणि नियम मराठीत लिहा, आपण बोलतो त्या मराठीत. कुठून तरी उचललेला इंग्रजी मजकूर अकरावीतलं पोरगं वाचत नाही.

कंपनीनं त्याचं अकाउंट बंद केलं तर. नुसते शंभर रिपोर्ट पडले म्हणून बॅन व्हायला नको, पण घाबरणं साहजिक आहे, कारण अशा गेममध्ये चीटिंगचा बॅन दहा वर्षांचा असू शकतो आणि कधी कधी तो अकाउंटसोबत फोनवरही बसतो. फोन सेकंडहँड घेतलेला असेल तर आधीच्या मालकाचं पाप त्याच्या माथी असू शकतं; तसं असेल तर फोनच्या बिलाचा फोटो अपिलात जोडावा. गेममधल्या कस्टमर सपोर्टवर एकच, नीट लिहिलेली तक्रार करावी : आयडी, बॅनची वेळ, फोनचं मॉडेल, रेकॉर्डिंग. रोज नवी तक्रार टाकू नये. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ऑनलाइन मध्यस्थ कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमून त्याचा संपर्क जाहीर करावा लागतो. त्या पत्त्यावर तीच तक्रार पाठवावी आणि पोच जपून ठेवावी. तिथल्या निर्णयानं समाधान झालं नाही तर तक्रार अपिलीय समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन दाद मागता येते. या समित्या २०२३ पासून काम करतात. अकाउंटवर पैसे खर्च केलेले असतील तर त्याचे वडील १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलू शकतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे परभणीतच. आणि टेलिग्रामवर ‘पैसे द्या, अनबॅन करून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नको, हे त्याला आवर्जून सांग. ते पैसेही जातात आणि अकाउंटही.

तुझ्या मित्राशी ग्रुपवर बोलू नकोस. चौघांत नको, दोघांतच बोल, समोरासमोर. ‘तू चुकलास’ यानं सुरुवात केलीस तर तो क्लिपची वकिली करत बसेल. त्याला विचार की उद्या फायनलला तुला कुणी असं काढलं, तुझ्या गावात तुला हॅकर हे नाव लावलं, आणि महिनाभर कुणी बोललंच नाही, तर तू पहिल्यांदा काय मागशील? तो कारणच मागेल. तपासणारी तीन माणसं त्यालाच सुचवू दे, तू फक्त नको असलेली नावं वगळ. सर्व्हर फुटायची भीती तुला वाटते ती खोटी नाही. पण बाकीची चारशे पोरं हे सगळं बघतायत, आणि पुढचा नंबर आपला असू शकतो हे त्यांनाही कळतं.

शेवटी पैशांचं. त्या पोराच्या स्क्वॉडचे पन्नास रुपये लगेच परत करा, निकालाची वाट न बघता; त्याच्यासोबतच्या तिघांवर तर कसलाच आरोप नव्हता. आणि ही पद्धतच बंद करा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात, पैसे भरून पैसे जिंकायचे खेळ, मग ते कौशल्याचे असले तरी, मनाई केलेले आहेत, आणि असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ई-स्पोर्ट्सला त्यात वेगळी मान्यता आहे, पण तिच्या नोंदणीच्या अटी आहेत आणि तुमची रविवारची रूम त्यांत बसत नाही. पोरांकडून गोळा करून त्यातूनच बक्षीस वाटणं सोडा. पुढची स्पर्धा फुकट ठेवा, आणि त्या रविवारच्या आधी तुमचे नियम सर्व्हरवर सगळ्यात वर पिन केलेले असू द्या.